नजरेनं सरळ लावलेली स्क्रीन

ओळंबा हे काही बाईमाणसाचं नाव नव्हे. गवंडी भिंत चढवताना दोरीला वजन बांधून खाली सोडतो, तो ओळंबा. भिंत सरळ चाललीय की कललीय, हे त्या दोरीला विचारायचं. पण आत्यानं भाचीला लहानपणीच हे नाव चिकटवलं आणि ते पुढं निघालंच नाही. पोरीची खोडच तशी होती. कुणाच्याही घरी गेली की आधी भिंतीवरचे फोटो सरळ करायची आणि मग पाणी मागायची. एकदा आत्यानं फळी ठोकायला सुतार बोलावला, तर ही एवढीशी चिमुरडी कमरेवर हात ठेवून त्याला म्हणाली, "काका, डावीकडे खाली आलंय." सुतारानं मोजून बघितलं आणि मुकाट्यानं खिळा उपटला. त्या दिवशी आत्याच्या अंगावर जे मूठभर मांस चढलं, ते कायमचंच.

आता ओळंबा तिशीला टेकली होती आणि एका संशोधन संस्थेत, दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत काम करत होती. काय काम, असं कुणी विचारलं की आत्या अगदी सरळ चेहऱ्यानं सांगायची, "आमची भाची उंदरांना रेघा दाखवते." ऐकणारा पुढं काहीतरी येईल म्हणून थांबायचा. आत्या पुढं काही बोलायची नाही. जन्मभर नर्सचं काम केलेली बाई ती, माणसांना ताटकळत ठेवण्याची तिला सवय होती.

तसं बघायला गेलं तर आत्या खोटं बोलत नव्हती. डोळ्यांनी जे दिसतं ते आधी मेंदूच्या मागच्या भागात पोचतं, आणि तिथल्या पेशी मोठ्या चोखंदळ असतात. प्रत्येकीची एकेक आवडती रेघ ठरलेली. एखादीला उभी रेघ आवडते, एखादीला आडवी, तिसरीला किंचित कललेली. आवडती रेघ समोर आली की पेशी खूश होऊन काम करते, नाहीतर ढुंकूनही बघत नाही. उंदराच्या डोक्यावर बसवलेल्या चिमुकल्या काचेच्या खिडकीतून ओळंबाला हे सगळं दिसायचं. पेशी जागी झाली की सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमकायची. तीच पेशी, त्याच जागी, आज, उद्या, परवा. ओळंबाला त्यातल्या कितीतरी पेशी आता आळीतल्या माणसांसारख्या ओळखू यायला लागल्या होत्या.

तिचा लाडका उंदीर म्हणजे शेठ. काळा, गुबगुबीत, चाकावर चालायला सांगितलं की दोन पावलं टाकून थांबणारा. शेठ चाकावर बसायचा, समोर स्क्रीनवर रेघा यायच्या आणि शेठच्या मेंदूत हिरवे दिवे लुकलुकायचे.

आता यात नवीन काय? तर वेळ. एकच कललेली रेघ बराच वेळ दाखवत राहिलं की ती आवडणाऱ्या पेशी कंटाळतात. आणि त्यांच्या शेजारणी, ज्यांना जवळपास तशीच रेघ आवडते, त्या आपली आवड थोडी पलीकडे सरकवतात. रोज एकच भाजी खाऊन माणसाची चव बदलावी, तसं. थोड्या वेळानं सगळं परत पूर्वीसारखं होतं. इथपर्यंत जगाला माहीत होतं. ओळंबाला जे सापडलं ते त्याच्या पुढचं होतं. तिच्या उंदरांच्या पेशी दुसऱ्या दिवशी सकाळीही सरकलेल्याच होत्या! संध्याकाळी उजवीकडे कललेल्या रेघा दाखवल्या, तर सकाळी सगळी आवड थोडी डावीकडे गेलेली. डावीकडच्या दाखवल्या, तर उजवीकडे गेलेली. म्हणजे बघितलेली रेघ मेंदू रात्रभर धरून ठेवत होता.

सरांनी हा निकाल पहिल्यांदा बघितला तेव्हा चष्मा काढला, पुसला, परत लावला. सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, शब्द मोजून वापरणारा माणूस. ते म्हणाले, "इतका स्वच्छ निकाल माझ्या हातून कधी निघाला नाही." ओळंबाला त्यानंतर दोन दिवस जमिनीवर चालत असल्यासारखं वाटेना.

आणि या निकालावर बरंच काही टांगलेलं होतं. सत्र संपता संपता संस्थेची मोठी सभा असायची. तिथं तिनं हा निकाल मांडायचा, तपासणाऱ्या मंडळींनी मान डोलवायची, की तिचा प्रबंध पुरा. शिवाय कॉरिडॉरच्या टोकाला एक खोली होती. सध्या तिच्यात मोडक्या खुर्च्या भरलेल्या होत्या, पण खिडकी मोठी होती आणि बाहेर झाड होतं. ती खोली आणि तिच्याबरोबर कायमची नोकरी यंदा कुणाला तरी मिळणार होती, आणि सरांनी वर शब्द टाकला होता. ओळंबा जाता येता त्या खोलीच्या दारात उभी राहून टेबल कुठं ठेवायचं ते ठरवायची. आत्यानं तर खिडकीच्या पडद्यांचं कापड बघायला सुरुवात केली होती.

एकट्या गणित्याचं समाधान होत नव्हतं. गणित्या म्हणजे प्रयोगशाळेतली सगळी आकडेमोड करणारा तिचा सहकारी, हडकुळा, कायम पेन्सिल चावणारा. त्याला उंदरांची भीती वाटायची, त्यामुळे तो प्रयोगाच्या खोलीत पाऊल टाकत नसे. बाहेर बसून शंका काढत असे.

"एक गोष्ट खटकते गं," तो म्हणाला. "लगेच मोजलं तर कललेल्या रेघेच्या शेजारणीच फक्त सरकतात. लांबच्या, आडव्या रेघा आवडणाऱ्या, त्या हलतही नाहीत. बरोबर?"

"बरोबर."

"मग सकाळी त्याही कशा सरकलेल्या? आणि सगळ्या सारख्याच?"

"झोपेत पसरत असेल," ओळंबा म्हणाली.

सरांनाही ते पटलं. झोपेत मेंदू दिवसभराचं आवरतो, तर हेही सगळीकडे सारखं पसरवत असेल. त्यावर सरांनी फळ्यावर एक सुरेख आकृतीही काढली. शहाण्या माणसांचं हे असंच असतं, एकदा निकाल आवडला की त्याला कारण सापडायला वेळ लागत नाही. गणित्या पेन्सिल चावत फळ्याकडे बघत राहिला.

ओळंबाची कामाची पद्धत ठरलेली होती. सकाळी खोलीत फक्त एक मिणमिणता लाल दिवा. शेठला बाजूनं अलगद चाकावर बसवायचं आणि स्क्रीनला हात लावायचा नाही, हा तिचाच नियम. मग खोलीच्या एका कोपऱ्यात आपल्या छोट्या पडद्यावर त्याच रेघा बघत बसायचं. चित्र मध्येच अडकलं तर अख्खा दिवस वाया जायचा, म्हणून ती डोळ्यांत तेल घालून बघायची. संध्याकाळी काम संपलं की दिवे लावायचे, शेठला त्याच्या घरी सोडायचं, स्क्रीन बाजूला सरकवून चाक पुसायचं, कारण शेठ आपली आठवण मागं ठेवल्याशिवाय जात नसे, आणि मग स्क्रीन परत जागेवर आणून सरळ करून ठेवायची. पूर्वी स्क्रीन स्क्रूनं घट्ट बसवलेली होती. पण चाक पुसताना कंबर मोडायची, म्हणून फिरता हात बसवून घेतला होता. दर वेळी सरळ करायला मोजमाप कशाला? ओळंबाची नजर होती की! प्रयोगशाळेत कुणाला काहीही भिंतीवर लावायचं असलं तरी तिलाच हाक मारायचे.

तर अशा ह्या नजरेच्या बाईला सध्या एका फ्रेमनं जेरीस आणलं होतं.

प्रयोगाच्या खोलीसमोर कॉरिडॉरमध्ये एक जुना फोटो लावलेला होता. प्रयोगशाळा सुरू झाली तेव्हाची मंडळी, सरांच्या डोक्यावर भरपूर केस असलेले. संध्याकाळी खोलीतून बाहेर पडलं की ओळंबाला ती फ्रेम हमखास कललेली दिसायची. ती सरळ करून घरी जायची. सकाळी आली की फ्रेम परत वाकडी! परत सरळ करायची. संध्याकाळी बघावं तर परत वाकडी.

पहिल्यांदा तिनं खापर साफसफाईच्या बाईंवर फोडलं. त्या म्हणाल्या, "अहो, तिथवर माझा हात तरी पोचतो का?" हे खरं होतं. मग राहिला गणित्या. त्याच्या शंका कुणी मनावर घेतल्या नव्हत्या, तेव्हा तो असा सूड उगवत असणार. ओळंबानं त्याला जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर गाठलं.

"फ्रेमला हात लावायचं बंद कर."

"कुठल्या फ्रेमला?"

"साळसूदपणाचा आव आणू नकोस. रोज वाकडी करतोस ती."

"अगं, मला आत्ता कळतंय की तिथं फ्रेम आहे," गणित्या म्हणाला. आणि त्याच्याकडे बघून हेही खरं वाटत होतं. या माणसाला आपण शर्ट उलटा घातलाय हेही दुपारी कळायचं.

पण ओळंबा हार मानणारी नव्हती. सभा पाच दिवसांवर आली होती, आणि खरं म्हणजे तिला भाषणाची तयारी करायची होती. तरी त्या संध्याकाळी तिनं फ्रेम नीट सरळ केली, खिशातून पेन्सिल काढली आणि फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांशी भिंतीवर बारीक खूण केली. आता उद्या फ्रेम खुणेवरून सरकलेली दिसली की गणित्याची मानगूट धरायची. घरी जाऊन तिनं आत्याला हा डाव सांगितला. आत्या म्हणाली, "शिकलीसवरलेली माणसं तुम्ही, आणि भांडता कशावरून, तर फोटोवरून." पण सकाळी निघताना तिनंच आठवण केली, "जा लवकर. चोर सापडला का ते फोन करून सांग."

सकाळी ओळंबा जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली. फ्रेम उजवीकडे कललेली होती. स्पष्ट कललेली. तिनं विजयी मुद्रेनं जवळ जाऊन खुणा बघितल्या.

फ्रेमचे दोन्ही कोपरे बरोबर खुणांवर होते.

तिनं डोळे चोळले. खाली वाकून बघितलं. केसभरही फरक नव्हता. फ्रेमला रात्रीत कुणी हात लावलेला नव्हता. काल संध्याकाळी ती जशी ठेवून गेली होती तशीच फ्रेम होती, आणि ती वाकडी होती. म्हणजे काल सगळ्या नजरेनिशी, जीव ओतून, ती वाकडी तिनंच लावली होती.

आधी तिला हसू आलं. वय झालं वाटतं, असं काहीतरी तिच्या मनात आलं. आणि मग काल शेठला कुठल्या रेघा दाखवल्या होत्या ते आठवलं. उजवीकडच्या. घड्याळाचा बारावरचा काटा जरासा पुढं गेला की दिसतो तशा, उजवीकडे कललेल्या. दिवसभर. आणि त्या रेघा शेठ एकटाच बघत नव्हता.

ती फ्रेमपासून मागं सरकली.

उंदराच्या मेंदूत ज्या पेशी असतात, तशा माणसाच्याही मेंदूत असतातच. उजवीकडे कललेल्या रेघा बघून बघून उजवीकडच्या पेशी थकतात. मग सरळ उभी रेघ समोर आली की थकलेल्यांचा आवाज दबलेला आणि डावीकडच्यांचा चढलेला, आणि मेंदूला वाटतं रेघ डावीकडे कललीय. ही गोष्ट तिला पाठ होती. गेली काही वर्षं ती दुसरं काही करतच नव्हती. आणि तेच डोळे घेऊन ती रोज संध्याकाळी उठत होती, सरळ असलेली फ्रेम तिला डावीकडे गेलेली दिसत होती, आणि ती बिचारीला ढकलून उजवीकडे वाकडी करत होती. जेवायला घरी पोचेपर्यंत डोळे ताळ्यावर यायचे. सकाळी तीच फ्रेम वाकडी दिसायची.

फ्रेम गेली खड्ड्यात. ओळंबाला आता स्क्रीन दिसत होती.

तळमजल्यावरच्या वर्कशॉपमधून तिनं पाणसळ, म्हणजे पातळी बघायची बुडबुड्याची पट्टी, मागून आणली. खोलीतले सगळे दिवे लावले आणि पाणसळ स्क्रीनच्या वरच्या कडेवर ठेवली. आतला बुडबुडा मध्यावर थांबला नाही. सावकाश, अगदी निवांतपणे बाजूला गेला आणि तिथंच राहिला.

स्क्रीन उजवीकडे कललेली होती. पेशी आपल्या जागी शांत होत्या, आणि स्क्रीन कलल्यामुळे त्या डावीकडे गेल्यासारख्या दिसत होत्या. डावीकडच्या रेघांच्या दिवशी उलटं. म्हणूनच निकाल इतका स्वच्छ. म्हणूनच आडव्या रेघांच्या पेशीही सारख्याच सरकलेल्या. रात्रभर काही टिकत नव्हतं. झोपेत काही पसरत नव्हतं. सरांची सुरेख आकृती, प्रबंधाचं सगळ्यात मोठं प्रकरण, मोठ्या खिडकीची खोली, हे सगळं तिच्या स्वतःच्या दोन डोळ्यांनी रोज संध्याकाळी, अगदी मन लावून, तयार केलं होतं.

ती चाकाशेजारच्या स्टुलावर बसली आणि थोडा वेळ रडली. पिंजऱ्यातून शेठ बघत होता. त्याच्या नाश्त्याला उशीर होत होता, बाकी त्याचं काही बिघडलं नव्हतं.

मनात वाईट विचार आला नाही असं नाही. चार दिवसांवर सभा. कुणाला कळणार होतं? पाणसळ वर्कशॉपला परत द्यायची, स्क्रीन आजपासून गुपचूप स्क्रूनं बसवायची आणि भाषण ठरलंय तसं करायचं. पुढं कुणाला निकाल सापडला नाही तर म्हणायचं, तुमचे उंदीर वेगळे. हा विचार तिनं पूर्ण केला, नीट बघितला, आणि तिला कळलं की त्यानंतर त्या मोठ्या खिडकीशी बसून बाहेरच्या झाडाकडेही बघता येणार नाही. ती उठली. शेठला खायला घातलं आणि सरांच्या दारावर टकटक केली.

"सर, निकाल चुकलाय," ती म्हणाली. "सकाळचा. सगळाच."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दाखव."

त्यांनी स्वतः तिच्या जागी बसून उजवीकडच्या रेघा बघितल्या. बराच वेळ, पापणी न हलवता. मग उठले, स्क्रीनसमोर उभे राहिले आणि दोन्ही हातांनी ती सरळ केली. एक डोळा मिटून बघितलं, थोडी अजून हलवली, समाधानानं मान डोलवली. "ही सरळ. यात वादच नाही."

ओळंबानं पाणसळ ठेवली. बुडबुडा बाजूला गेला.

सर त्या बुडबुड्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ओळंबाला वाटलं, आता हे रडणार. पण सर हसत होते. इतके हसले की भिंतीला टेकावं लागलं. "आयुष्य गेलं माझं या पेशींवर," ते डोळे पुसत म्हणाले. "आणि एकदाही मला असं वाटलं नाही, की आपल्याही डोक्यात त्याच आहेत."

आवाज ऐकून गणित्या चक्क उंबरठ्यापर्यंत आला. त्याला सांगितल्यावर तो आधी आडव्या रेघांबद्दल काहीतरी बोलायला गेला, पण तिचा चेहरा बघून थांबला. "मग फ्रेमचं तरी माझ्यावरचं बालंट गेलं ना?" एवढंच म्हणाला. ओळंबानं त्याला हात जोडले.

हसणं ओसरल्यावर सर गंभीर झाले. "त्या खोलीचं मात्र आता अवघड आहे. खोटी आशा लावत नाही."

"माहीत आहे, सर."

"आणि सभेचं भाषण रद्द करायचं नाही. तुझी चूक आहे, तूच सांग. माझ्या तोंडून ती चांगली दिसणार नाही."

घरी आत्यानं दारातच विचारलं, "चोर सापडला?"

"सापडला," ओळंबा म्हणाली. "मीच."

आत्यानं तिला बसवलं, पाणी दिलं आणि सगळं वदवून घेतलं. सगळं समजलं असं नाही, पण खोली गेली एवढं नीट समजलं. तिनं पाण्याचा पेला उचलून ठेवला. मग म्हणाली, "त्या खोलीत तशीही दुपारची उन्हं येत असणार." आणि जेवायला वाढायला उठली. ओळंबाला एकदम आत्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं, आणि ती पडलीही. "सांडेल, सांडेल," आत्या ओरडली.

पुढचे तीन दिवस स्क्रीन स्क्रूनं घट्ट बसवलेली होती आणि पाणसळ तिच्यावरच ठेवलेली होती. ओळंबा रोज सकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावायची. संध्याकाळी शेजारणी सरकलेल्या असायच्या, त्या तर खऱ्याच सरकत होत्या. आणि सकाळी? सकाळी एकूण एक पेशी आपापल्या जागी परत आलेली असायची. जिची जी आवड, तीच. काल दिवसभर इतका भडिमार होऊनही. ते बघताना तिला जे वाटलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही, पण तो निव्वळ आनंद होता. मोठा निकाल हातात होता तेव्हा त्याच्याबरोबर एक धाकधूकही असायची, गणित्याच्या प्रत्येक शंकेला ती दचकायची. आता दचकण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

सभेला हॉल भरलेला होता. पुढच्या रांगेत तपासणारी मंडळी, त्यांच्या मधोमध मोठ्या बाई, ज्यांच्यापुढं सरही जरा जपून बोलायचे. शेवटच्या रांगेत आत्या, ठेवणीतली साडी नेसून.

ओळंबानं सुरुवातीलाच काही सांगितलं नाही. तिनं हॉलमधले दिवे मंद करायला सांगितले, पडद्यावर उजवीकडे कललेल्या रेघा आणल्या आणि म्हणाली, "मध्यावरच्या ठिपक्याकडे बघा. मी सांगेपर्यंत नजर हलवू नका." इतकी विद्वान माणसं शाळेतल्या पोरांसारखी निमूटपणे बघत बसली. कुणीतरी खोकलं. मग तिनं रेघा काढल्या आणि एकच उभी रेघ दाखवली.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. पुढच्या रांगेतल्या एकानं मान डावीकडे कलवली. मग दुसऱ्यानं. मग बघता बघता सगळ्या हॉलच्या माना एकाच बाजूला कलल्या, मोठ्या बाईंचीही.

"ही रेघ सरळ आहे," ओळंबा म्हणाली. "मी पाणसळ लावून काढलीय. चार दिवसांपूर्वीपर्यंत मी रोज संध्याकाळी तुमच्याच या डोळ्यांनी माझी स्क्रीन सरळ करत होते. आता त्यातून काय घडलं ते सांगते."

तिनं सगळं सांगितलं. फ्रेमपाशी आली तेव्हा हॉल खदखदून हसला, आणि तीही हसली. शेवटी तिनं स्क्रूनं बसवलेल्या स्क्रीनचे निकाल दाखवले, थोडेच होते, पण खरे होते. दिवे लागल्यावर मोठ्या बाईंनी एकच प्रश्न विचारला. "म्हणजे सकाळपर्यंत काहीच उरत नाही?"

"या तीन दिवसांत तरी काही उरलेलं नाही, बाई."

"तीन दिवस कमी आहेत. वर्षभर बघा, आणि मग प्रबंध द्या," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि वहीत काहीतरी लिहिता लिहिता थांबून पुढं म्हणाल्या, "आमच्या प्रयोगशाळेत स्क्रीन कोण सरळ करतं, ते मला आज विचारलं पाहिजे."

सभेच्या शेवटी जाहीर झालं, मोठ्या खिडकीची खोली शेजारच्या प्रयोगशाळेतल्या एकाला मिळाली. ओळंबा त्याचं अभिनंदन करून आली, तेव्हा आत्या बाहेर जिन्यापाशी तिची वाट बघत होती.

"ती रेघ वाकडी होती," आत्या म्हणाली.

"सरळ होती गं."

"मला दिसली ना वाकडी! चांगली डावीकडे गेलेली."

"मलाही तशीच दिसते."

"तुला अजून?" आत्या थांबली. "सगळं कळल्यावरसुद्धा?"

"सगळं कळल्यावरसुद्धा. काल संध्याकाळी दिसली, आज दिसली, उद्याही दिसेल. तेवढीच वाकडी."

आत्यानं जरा विचार केला. लहानपणापासून या पोरीच्या नजरेचं कौतुक जगाला सांगत आलेली बाई ती, तिला हे पचायला वेळ लागणारच. "मग एवढं शिकून उपयोग काय झाला?" तिनं विचारलं.

"उपयोग एवढाच, आत्या," ओळंबा तिच्या हातात हात घालत म्हणाली, "की आता मी ती सरळ करायला जात नाही."